लहान पॅकेट, चुकीचा चेकसम, झोपलेली लिंक: अभ्यासिकेच्या सर्व्हरवरच्या प्रकल्प नोंदी

नागपुरात महालमधल्या एका अभ्यासिकेत डिस्क नसलेल्या मशिनींची एक खोली आहे. सगळ्या मशिनी एका सर्व्हरवरून नेटवर्कनेच उठतात: डीएचसीपीवर नेटवर्कचा पत्ता, टीएफटीपी या साध्या फाइल-प्रोटोकॉलवर कर्नल (लिनक्सचा गाभा), मग एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवर, रूट फाइलसिस्टिम. सर्व्हरवर डेबियन १२, कर्नल ६.१. नेटवर्क चिप मदरबोर्डवरच आहे आणि एकुलता पीसीआय एक्सप्रेस स्लॉट डिस्क कंट्रोलरने अडवलेला आहे. या चिपमुळे काही मशिनी उठेनाशा झाल्या, त्याच्या या नोंदी. सर्व्हरला यूएसबी अडॅप्टर लावून तेवढ्यापुरतं भागलं असतं, पण त्याच लॉटचे बोर्ड क्लायंट मशिनींतही आहेत, त्यामुळे दुखणं मुळातून समजून घेणं भाग होतं.

चिपचं नाव लिहीत नाही. जुन्या बाजारातून आलेला एकच लॉट माझ्या हाताशी आहे, तेवढ्यावरून अख्ख्या मॉडेलला दोष देणं बरोबर नाही. शोधायची पद्धत आणि ड्रायव्हरमधले बदल मात्र कुठल्याही कार्डाला उपयोगी पडतील.

गुरुवार, ३ एप्रिल २०२५

देखरेखीच्या काकांचा फोन: "भाऊ, सकाळपासून चार मशीन उठूनच नाही राहिल्या. पोट्टे बसून आहेत."

पडद्यावर नेटवर्क-बूटची चूक पीएक्सई-ई३२, टीएफटीपी ओपन टाइमआउट: फाइल मागितली, उत्तर वेळेत आलं नाही. त्याच खोलीतल्या बाकीच्या मशिनी व्यवस्थित सुरू. अडकलेली मशीन पुन्हा पुन्हा रीसेट केली की एखाद्या वेळी उठते. पिंग (मशीन उत्तर देते का ते पाहणारं चाचणी-पॅकेट) दोन्ही बाजूंनी स्वच्छ. एका बाइटचा पिंगसुद्धा परत येतो.

काकांशी बोलताना आणखी दोन तक्रारी निघाल्या. हिशेबाच्या विंडोज मशीनवरून सर्व्हरवर फाइल चढवायला गेलं की ती अडकते, म्हणून कित्येक दिवस पेनड्राइव्हवर काम चाललंय. आणि सकाळी सहाला दार उघडल्यावर पहिल्या काही मिनिटांत कधीकधी सर्व्हरच गप्प होतो, मग आपोआप परत येतो. या तिन्हींचं मूळ एकच असेल असं गृहीत धरलं नाही, तिन्ही वेगवेगळ्या लिहून ठेवल्या. पुढे याचा फायदा झाला.

शनिवार, ५ एप्रिल

नागपुरात एप्रिलमध्ये मशीन बिघडली की पहिला संशय उन्हावरच जातो. कपाटाचं दार काढलं, कूलरचा वारा सर्व्हरकडे वळवला, तापमानाची नोंद ठेवणारी स्क्रिप्ट लावली. टाइमआउट दुपारी येतो तेवढाच सकाळीही येतो, आणि सर्व्हर गप्प होतो तो तर सकाळच्या गारव्यातच. उन्हाचा संबंध नाही. कूलर परत मुलांकडे वळवला.

बर्डीतून दोन पॅच कॉर्ड आणल्या, ३०० रुपये. ओळखीच्या दुकानातून एक स्विच दोन दिवसांसाठी मागून आणला. केबल बदलली, पोर्ट बदलला, स्विच बदलला, काही फरक नाही. अख्खा शनिवार गेला, पण तारा आणि स्विच यादीतून बाद झाले.

रविवार, ६ एप्रिल

रामनवमी. पोद्दारेश्वर राम मंदिराच्या शोभायात्रेच्या गर्दीत महालपर्यंत पोचणं अवघड, म्हणून घरूनच लॉग वाचले. टीएफटीपी सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रत्येक विनंती पोचल्याची नोंद आहे आणि प्रत्येक विनंतीला उत्तर गेल्याचीही. ड्रायव्हरच्या आकडेवारीत पाठवण्याची चूक एकही नाही. म्हणजे सर्व्हरच्या समजुतीप्रमाणे उत्तर तारेवर गेलं आणि क्लायंटच्या समजुतीप्रमाणे ते आलंच नाही. क्लायंट त्या क्षणी बूट रॉममध्ये, म्हणजे मशीन उठवणाऱ्या छोट्या अंगभूत प्रोग्राममध्ये असतो, त्याला विचारायची सोय नाही. त्याच्या जागी लॅपटॉप बसवायचा, एवढं ठरलं.

मंगळवार, ८ एप्रिल

आजची नोंद लांब आहे, कारण गाठ इथे सुटली.

चेकसम म्हणजे पॅकेट वाटेत बिघडलं नाही ना हे पडताळणारी बेरीज. आधी एक सापळा. सर्व्हरवरच टीसीपीडंप (पॅकेटं दाखवणारं साधन) चालवला तर जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पॅकेटवर "चेकसम चुकीचा" असं दिसतं. त्यावर विश्वास ठेवू नका. चेकसमचं काम कार्डाकडे दिलेलं असलं की कर्नल त्या जागी फक्त छद्म-हेडरची (पत्ते, प्रोटोकॉल आणि लांबी यांची) अर्धवट बेरीज ठेवतो आणि पॅकेटवर चेकसम_पार्शल अशी खूण करतो. उरलेली बेरीज कार्ड करणार असतं. टीसीपीडंप पॅकेट पाहतो ते कार्डाच्या आधी. त्यामुळे चेकसम नेहमी समोरच्या मशीनवर तपासायचा.

लॅपटॉप क्लायंटच्या पोर्टला लावला आणि सर्व्हरवरून यूडीपी (टीएफटीपी ज्यावर चालतं तो साधा प्रोटोकॉल) पॅकेटं पाठवली: आतला मजकूर एक बाइट, दोन बाइट, असं चाळीसपर्यंत. लॅपटॉपवर एनस्टॅटमधला (कर्नलची नेटवर्क आकडेवारी) यूडीपी चेकसम चुकांचा आकडा पाहत राहिलो. १७ बाइटपर्यंत जवळजवळ सगळी पॅकेटं बाद. १८ बाइटपासून एकही बाद नाही. पुन्हा चालवलं, तीच सीमा.

हिशेब करा. इथरनेट हेडर १४, आयपी २०, यूडीपी ८, मजकूर १८: बेरीज ६०. इथरनेटची किमान चौकट ६४ बाइटची असते, त्यातले शेवटचे ४ एफसीएसचे, म्हणजे चौकटीच्या स्वतःच्या तपासणीचे. म्हणजे कर्नलच्या बाजूने किमान ६०, आणि त्याहून लहान पॅकेट असलं की कार्ड स्वतः भराव घालतं. चूक नेमकी भराव घातलेल्या पॅकेटांतच आहे.

मग भरावाचे बाइट पाहिले. तिथे शून्यं हवीत. तिथे आधीच्या पॅकेटचे तुकडे होते. एकात तर एनएफएसवरून गेलेल्या फाइलच्या नावाचा भाग स्पष्ट वाचता आला. एआरपीच्या (आयपी पत्त्यावरून कार्डाचा पत्ता विचारणाऱ्या) ४२ बाइटच्या पॅकेटांतही तोच कचरा. एआरपीला चेकसम नसतो, म्हणून तिथे कोणाचं अडत नव्हतं.

आता सगळं जुळतं. कार्ड आधी भराव घालतं आणि मग चौकटीच्या शेवटापर्यंत बेरीज करतं. भराव शून्यांचा असता तर बेरजेत फरक पडला नसता. कचरा असल्यामुळे चेकसम बिघडतो. कधी आधीच्या पॅकेटची ती जागा योगायोगाने शून्यांचीच असते, तेव्हा चेकसम बरोबर येतो: पुन्हा पुन्हा रीसेट केल्यावर मशीन उठते ती यामुळे.

टीएफटीपीच का? क्लायंटचा बूट रॉम आधी फाइलचा आकार विचारतो, मग ब्लॉकचा आकार ठरवतो. दोन्ही वेळा सर्व्हरचं उत्तर एवढंसं असतं. "ब्लॉक साइझ १४५६" मान्य करणारं उत्तर तारेवर ५७ बाइटचं होतं. काही रॉम यूडीपी चेकसम तपासतच नाहीत, त्या मशिनी नेहमी उठायच्या. तपासणाऱ्या अडकायच्या. त्याच लॉटचे बोर्ड, पण बायोसच्या आवृत्त्या दोन.

विंडोजची तक्रारही यातच बसली. टीसीपीमधली नुसती पोच ५४ बाइटची असते. टाइमस्टॅम्प चालू असले तर त्यात १२ बाइट वाढून ६६ होतात. लिनक्स ते लिनक्स टाइमस्टॅम्प चालू, म्हणून एनएफएस कधीच अडलं नाही. हिशेबाच्या मशीनवर ते बंद, म्हणून तिने पाठवलेल्या फाइलची पोच तिला मिळतच नव्हती. आणि लहान पिंग पास झाला, कारण पिंग ज्यावर चालतो त्या आयसीएमपीचा चेकसम कर्नल स्वतः काढतो, कार्डाकडे देत नाही. पिंग चालतो म्हणजे नेटवर्क ठीक आहे, हा निष्कर्ष अशा ठिकाणी टिकत नाही.

भरावात जुना मजकूर जाणं ही नुसती गैरसोय नाही, ती माहितीची गळती आहे. २००३ च्या जानेवारीत याच प्रकारावर ईथरलीक नावाने सुरक्षासूचना निघाली होती, सीव्हीई-२००३-०००१. तेव्हा तो दोष अनेक ड्रायव्हरांत सापडला होता. मुलं ज्या नेटवर्कवर स्वतःचे अर्ज भरतात तिथे हे चालू देणं मला मान्य नाही. पुढचं सगळं काम करण्यामागे बूटाइतकंच हेही कारण आहे.

बुधवार, ९ एप्रिल

तात्पुरता उपाय लगेच लावला: इथटूलने (कार्डाच्या सेटिंग बदलायचं साधन) जाणाऱ्या पॅकेटांचा चेकसम कार्डाकडून काढून कर्नलकडे घेतला. चारही मशिनी पहिल्या झटक्यात उठल्या. मुलांचं काम सुरू झालं.

इथेच का थांबलो नाही? दोन कारणं. भरावातली गळती तशीच राहते, कारण भराव अजून कार्डच घालतं. आणि चेकसम काढला की त्यावर अवलंबून असलेलं टीएसओही जातं, म्हणजे मोठ्या पॅकेटांचे तुकडे पाडायचं कामही प्रोसेसरवर येतं. सर्व्हरचा प्रोसेसर जुना, दोन कोरांचा. आयपर्फने मोजलं: आधी सेकंदाला ९४० मेगाबिट, आता ७०० च्या आसपास आणि एक कोर पूर्ण भरलेला. सकाळी सगळ्या मशिनी एकदम उठतात तेव्हा हे जाणवतं. साठ बाइटच्या आतल्या पॅकेटांसाठी सगळ्या पॅकेटांना शिक्षा करण्यात अर्थ नाही.

शनिवार, १२ एप्रिल

कोड लिहिण्याआधी कर्नलमधले इतर ड्रायव्हर वाचले. मुख्य कर्नलमध्ये अशा डागडुजीची परंपराच आहे आणि ती टिप्पण्यांसकट लिहून ठेवलेली आहे. स्वतः नवं काही शोधण्याआधी हे वाचाच.

एसएमएससी९५एक्सएक्स या यूएसबी-इथरनेट ड्रायव्हरमध्ये ४५ बाइटपर्यंतच्या पॅकेटांचा चेकसम हार्डवेअरकडे न देण्याची अट होती, कारण फार लहान पॅकेटांत तो बिघडायचा. आर८१६९ या रिअलटेक चिपांच्या ड्रायव्हरमध्ये काही चिप-आवृत्त्यांसाठी पॅकेट ६० बाइटपर्यंत सॉफ्टवेअरमध्येच भरलं जातं. त्याच ड्रायव्हरमध्ये २०२१ साली आरटीएल८१२५ या चिपसाठी एक डागडुजी आली: ३१९ आणि ३२० या पोर्टांवर जाणारी लहान यूडीपी पॅकेटं ठरावीक लांबीपर्यंत भरायची. हे पोर्ट वेळ जुळवणाऱ्या पीटीपीचे, पण टोरेंटसारख्या जोरदार यूडीपी वाहतुकीत तो पोर्ट कधीतरी येतोच आणि कार्ड अडकायचं. टीजी३ या ड्रायव्हरमध्ये एखादा बफर ४ जीबीच्या सीमेवरून आरपार जात असेल तर पॅकेटची नवी प्रत करून पाठवली जाते.

या सगळ्यांत एक गोष्ट समान दिसली: अट शक्य तितकी अरुंद. कोणती चिप, कोणती लांबी, कोणतं पोर्ट. आर८१६९ मध्ये ओळख पीसीआय आयडीवरून होत नाही, कारण १०ईसी:८१६८ या एकाच आयडीखाली पुष्कळ वेगळ्या चिपा विकल्या गेल्या. चिपच्या रजिस्टरमधून एक्सआयडी हा ओळख-क्रमांक वाचून आवृत्ती ठरवतात. आमच्या ड्रायव्हरमध्येही आवृत्तीचं रजिस्टर वाचलं जातं. त्यावरूनच अट घालायचं ठरवलं.

कार्डाच्या ईप्रॉमची (सेटिंग कायम ठेवणाऱ्या मेमरीची) प्रतही इथटूलने काढून वेगळ्या मशीनवर ठेवली. २००८ मध्ये कर्नल २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्यांत इंटेलच्या ई१०००ई कार्डांची आतली मेमरीच पुसली गेली होती. कारण शेवटी ड्रायव्हरमध्ये नव्हे, एफट्रेसमध्ये (कर्नलच्या कामाचा माग काढणारी सोय) निघालं. ड्रायव्हरला हात लावण्याआधी ही प्रत काढायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

सोमवार, १४ एप्रिल

आंबेडकर जयंती, अभ्यासिका बंद. अनेक मुलं दीक्षाभूमीवर आणि संविधान चौकात गेलेली. सर्व्हर दिवसभर मोकळा मिळाला.

अभ्यासिकेतली एक ताई कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, सध्या एमपीएससीची तयारी करते. ती दुपारी आली आणि चाचणीची स्क्रिप्ट तिने लिहिली: ० ते ४० बाइटची यूडीपी पॅकेटं, समोर चेकसम आणि भराव दोन्ही तपासून निकाल फाइलमध्ये. मी ड्रायव्हर धरला.

बदल दोन ठिकाणी. एनडीओ_फीचर्स_चेकमध्ये (पॅकेटाचं कोणतं काम कार्डाला द्यायचं ते ठरवणारं फंक्शन): पॅकेट ६० बाइटपेक्षा लहान असेल तर त्या पॅकेटापुरती चेकसमची सुविधा काढून घ्यायची, म्हणजे कर्नल तो स्वतः काढून देतो. एनडीओ_स्टार्ट_एक्समिटमध्ये (पॅकेट कार्डाकडे सोपवणारं फंक्शन): पॅकेट कार्डाच्या रांगेत ठेवण्याआधी एसकेबी_पुट_पॅडटूने ६० बाइटपर्यंत शून्यं भरायची. आता कार्डाला भराव घालायची वेळच येत नाही.

फीचर्स_चेकच्या शेवटी कर्नलचं व्हीलॅनचं (त्याच तारेवरचं, टॅगने वेगळं केलेलं आभासी नेटवर्क) नेहमीचं तपासणी-फंक्शन बोलवायला विसरू नका. स्वतःचं फंक्शन दिलं की ती तपासणी आपोआप होत नाही.

मंगळवार, १५ एप्रिल

इथटूलचा तात्पुरता उपाय काढला, बदललेल्या ड्रायव्हरचा नवा मोड्यूल चढवला. शून्यापासून चाळीसपर्यंत सगळी पॅकेटं शुद्ध, भराव सगळा शून्यांचा, एआरपीचासुद्धा. चारही मशिनी उठल्या, विंडोजवरून फाइल सरळ चढली, वेग परत ९४०.

ताईने कोड वाचताना एक जागा दाखवली. "दादा, हे पॅडटू अपयशी झालं तर पॅकेट कोण मोकळं करतं?" मेमरी न मिळाल्यास एसकेबी_पुट_पॅडटू पॅकेट स्वतःच मोकळं करून टाकतं. आमच्या कोडमध्ये चुकीच्या वाटेवर ड्रायव्हर तेच पॅकेट पुन्हा मोकळं करत होता. मेमरी भरपूर असताना हे कधीच दिसलं नसतं, आणि ज्या दिवशी दिसलं असतं त्या दिवशी अख्खा सर्व्हर कोसळला असता. चुकीच्या वाटेवर आता फक्त "पाठवलं" असं सांगून परत फिरायचं आणि गळालेल्या पॅकेटचा आकडा वाढवायचा. आर८१६९ मध्ये यासाठी "चूक झाली तरी मोकळं करू नकोस" असं सांगता येणारं दुसरं रूप वापरलंय. ज्यांचा ड्रायव्हर चुकीच्या वाटेवर स्वतः सफाई करतो त्यांनी ते घ्यावं.

शनिवार, १९ एप्रिल

तिसरी तक्रार, सकाळची. आज पहाटे साडेपाचलाच जाऊन बसलो. सहाला मशिनी चालू केल्या आणि सर्व्हर गप्प. डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) नेटडेव्ह वॉचडॉगची, म्हणजे कार्ड अडकलं का ते पाहणाऱ्या पहारेकऱ्याची ओळ: ट्रान्समिट रांग शून्य, वेळ संपली. मग ड्रायव्हरने कार्ड रीसेट केलं आणि सगळं चालू. नेटकन्सोलवर, म्हणजे नेटवर्कवरून, लॉग घेण्याचा विचार सोडला, तो याच कार्डावरून जातो; लॉग डिस्कवरच लिहिला.

रात्रभर शांत असलेलं कार्ड पहिल्याच गर्दीत अडकतं, यावरून संशय वीज वाचवणाऱ्या एएसपीएमवर गेला. एलएसपीसीआयमध्ये (पीसीआय उपकरणांची स्थिती दाखवणारं साधन) लिंकवर एल१ ही झोपेची अवस्था चालू दिसली. काम नसलं की पीसीआय एक्सप्रेसची लिंक झोपते, आणि आमचं कार्ड त्या झोपेतून कधीकधी धड उठत नाही.

बूटच्या ओळीत पीसीआयई_एएसपीएम=ऑफ घातलं. रात्रभर सोडलं, रविवारी सकाळी पुन्हा तीच ओळ. एलएसपीसीआय पाहिलं तर एल१ अजून चालूच.

कर्नलच्या दस्तऐवजात कारण स्वच्छ लिहिलंय. या पर्यायाचा अर्थ "एएसपीएम बंद कर" असा नाही. "एएसपीएमला हात लावू नकोस, फर्मवेअरने जे ठेवलंय ते तसंच राहू दे" असा आहे. आमच्या बायोसने एल१ आधीच चालू करून ठेवलं होतं. जिथे तिथे हा पर्याय रामबाण म्हणून सुचवला जातो. लावल्यावर एलएसपीसीआयने खात्री केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मंगळवार, २२ एप्रिल

बूटचा तो पर्याय काढला. ड्रायव्हरच्या प्रोबमध्ये (कार्ड हाती घेताना चालणारं फंक्शन) पीसीआय_डिसेबल_लिंक_स्टेट बोलवून फक्त एल१ बंद करायला सांगितलं. मोड्यूल चढवताच लॉगमध्ये इशारा: एएसपीएमचा ताबा ऑपरेटिंग सिस्टिमकडे नाही, त्यामुळे बंद करता येत नाही. फर्मवेअर ताबा सोडत नाही आणि स्वतः बंदही करत नाही. बायोसच्या मेनूत यासाठी जागाच नाही.

वाट ई१०००ई मध्ये सापडली. ८२५७४ सारख्या चिपांसाठी तिथे एएसपीएम बंद करण्याचा कोड आहे, आणि नेहमीची विनंती फेटाळली गेली तर तो लिंक कंट्रोल रजिस्टरमधला बिट स्वतः पुसतो. क्रम महत्त्वाचा आहे: आधी खालचं टोक, म्हणजे कार्ड, मग वरचं, म्हणजे त्याचा पालक पोर्ट. दोन्ही टोकांना सारखीच स्थिती हवी. तसंच केलं. एलएसपीसीआयमध्ये दोन्ही बाजूंना एएसपीएम बंद.

फर्मवेअरच्या ताब्यातल्या गोष्टीला ड्रायव्हरने हात घालणं मला आवडत नाही. म्हणून हा भाग मोड्यूलच्या पर्यायामागे ठेवला, आपोआप चालू नाही. त्यानंतर सकाळची ती ओळ पुन्हा आलेली नाही. काका रोज सहाला मुद्दाम सगळ्या मशिनी एकदम चालू करून बघतात.

रविवार, २७ एप्रिल

एक शंका डोक्यात राहिली होती. लहान पॅकेट कर्नलकडून आलं तर आम्ही ते पकडतो. पण टीएसओमध्ये कर्नल एक मोठं पॅकेट देतो आणि तुकडे कार्ड पाडतं. शेवटचा तुकडा एकदोन बाइटचाच उरला तर? तो ६० च्या आतला तुकडा कार्डाच्या पोटातच तयार होतो, सॉफ्टवेअरला दिसतही नाही.

चाचणी: लॅपटॉपवर टीसीपी टाइमस्टॅम्प बंद केले, म्हणजे विंडोज मशीनची गरज उरली नाही. मग अशा लांबीचे मजकूर पाठवले की १४६० ने भागल्यावर बाकी १, २, ३ अशी उरेल. बाकी ५ पर्यंत असताना जवळजवळ प्रत्येक वेळी पुनर्प्रेषण. ६ पासून शांत. ५४ अधिक ६ म्हणजे ६०, तीच सीमा.

हे इतके दिवस दिसलं नाही, कारण काही तुटत नव्हतं. शेवटचा तुकडा बाद व्हायचा, क्षणभर थांबून कर्नल तो पुन्हा पाठवायचा, आणि दुसऱ्या वेळी तो एकटं, लहान, साधं पॅकेट असल्यामुळे आमच्या दुरुस्त वाटेने जायचा. फक्त उशीर, आणि तोही हजारातल्या दोनचार फायलींना.

फीचर्स_चेकमध्ये अट वाढवली: पॅकेटचे तुकडे पडणार असतील आणि शेवटचा तुकडा हेडर धरून ६० च्या आत येत असेल, तर त्या पॅकेटापुरतं टीएसओ काढून घ्या, तुकडे कर्नल पाडेल. चाचणी पुन्हा चालवली. भराव शून्यांचाच येत होता, पण स्टार्ट_एक्समिटमध्ये छापून पाहिलं तर शेवटचा लहान तुकडा अजून चेकसम_पार्शल खुणेसह येत होता. भराव शून्यांचा असल्यामुळे बेरीज बरोबर निघत होती, एवढंच. म्हणजे आमच्या अर्ध्या दुरुस्तीवर दुसरी अर्धी तरून गेली.

कर्नल कोड वाचला. फीचर्स_चेक मोठ्या पॅकेटासाठी एकदा विचारला जातो. तुकडे पडल्यावर प्रत्येक तुकड्यासाठी पुन्हा विचारला जात नाही. मोठ्या पॅकेटाच्या वेळी चेकसमची सुविधा शिल्लक होती, म्हणून तुकड्यांनाही ती मिळाली. उपाय सरळ आहे: लहान पॅकेटाचा चेकसम स्टार्ट_एक्समिटमध्येच एसकेबी_चेकसम_हेल्पने काढायचा, मग भराव, मग रांग. तारेवर जाण्याआधी प्रत्येक पॅकेट या दारातून जातंच. फीचर्स_चेकमध्ये आता फक्त टीएसओची अट उरली. कोड आधीपेक्षा लहान झाला.

रविवार, ४ मे

टिकाऊ करण्याचं काम. मोड्यूल डीकेएमएसखाली ठेवला, म्हणजे कर्नल अद्ययावत झाला की तो पुन्हा आपोआप बांधला जातो. सर्व्हरवर सिक्युअर बूट (फक्त सही असलेलाच कोड चढू देणारी सोय) यापुढे कायम चालू ठेवायचा आहे, त्यामुळे स्वतःची किल्ली बनवून मोड्यूलवर सही करावी लागली. किल्ली नोंदवण्याचा शेवटचा टप्पा बूट होताना निळ्या पडद्यावर येतो आणि तिथे कीबोर्ड-मॉनिटर लावून समोर बसावं लागतं; दुरून होत नाही. घरून करायला गेलो आणि महालला यावंच लागलं, अर्धा दिवस त्यात गेला.

बांधणी फसली तर मूळ ड्रायव्हर चढेल आणि जुनं दुखणं गुपचूप परत येईल. म्हणून बूटनंतर एक छोटी तपासणी लावली: आपला मोड्यूल चढला नसेल तर इथटूलने चेकसम बंद करून ठेवायचा आणि काकांच्या फोनवर निरोप. गळती त्या काळात उघडी राहील, पण मशिनी उठतील.

कोडमधल्या टिप्पणीला कोडाइतकाच वेळ दिला. कोणती आवृत्ती, कोणत्या लांबीला काय होतं, कोणत्या चाचणीने सिद्ध झालं, आणि ही अट कधी काढता येईल. मी नसताना कोणी हे उघडलं तर त्याला पुन्हा १७ आणि १८ चा शोध लावायला लागू नये.

रविवार, ११ मे

क्लायंट मशिनींच्या रूटमध्येही हाच मोड्यूल टाकला. त्यांची गळतीही थांबली, लॅपटॉपवर तपासली.

खर्च: पॅच कॉर्ड ३००, सिक्युअर बूटच्या वेळी लागलेला जुना कीबोर्ड २५०, बाकी मागून आणलेलं. खरा खर्च वेळेचा. त्यातला मोठा वाटा ऊन, केबल आणि बूटच्या त्या पर्यायावर गेला, कोडवर नाही. लांबी एकेक बाइटने वाढवत नेणारी चाचणी पहिल्या दिवशी चालवली असती तर पहिला आठवडा वाचला असता. कोणाचं कार्ड असंच वागत असेल तर सुरुवात तिथूनच करा, आणि मोजणी समोरच्या मशीनवर करा.

व्हीलॅन अजून तपासलेला नाही, आमच्याकडे सध्या तो वापरात नाही. टॅग कार्ड स्वतः घालतं, त्यामुळे सीमा ६० राहते की चार बाइटने सरकते हे मोजल्याशिवाय अट बदलणार नाही. जूनमध्ये हिशेबाची मशीन वेगळ्या व्हीलॅनमध्ये न्यायची आहे, त्याआधी ताईची स्क्रिप्ट टॅगसह पुन्हा चालवायची.